फळी खरवडण्याआधी

आमच्या करंजाड्याच्या सोसायटीत दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कलाकट्टा भरतो. म्हणजे क्लब हाउसमध्ये तीस खुर्च्या मांडतात, त्यांतल्या बारांवर माणसं बसतात आणि त्या बारांतली चार फोनमध्ये असतात. मी तीस वर्षं पनवेलच्या एका शाळेत चित्रकला शिकवली हे कुणीतरी कमिटीच्या कानावर घातलं आणि एक दिवस सेक्रेटरी दारात हजर. "मॅडम, तुम्ही आजच्या चित्रकारांवर बोला. इन्स्पायरिंग पाहिजे. पाऊण तास पुरे." कोवळी भेंडी निवडून द्या असं भाजीवाल्याला सांगावं, त्या सुरात त्याने ते इन्स्पायरिंग मागितलं.

मी नाहीच म्हणणार होते. पण माझा नवरा जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते आणि पुण्याहून लेक रोज फोन करून एकच घोकायची, "आई, तू काहीतरी कर." काय ते सांगायची नाही. नुसतं काहीतरी. तिला सांगायला काहीतरी हवं म्हणून मी सेक्रेटरीला फोन करून हो म्हटलं आणि तो ठेवल्याठेवल्या स्वतःवर चिडले.

खरं कारण वेगळंही होतं, ते इथे लिहून टाकते. तीस वर्षांत माझ्या हाताखालून हजारो मुलं गेली. फुलदाणी, दोन सफरचंदं, खाली चुण्या पडलेलं फडकं. स्मरणचित्रात आठवड्याचा बाजार. एलिमेंटरी, इंटरमिजिएट. किती जणांना ए ग्रेड मिळाली आणि त्यांतला एकही चित्रकार झाला नाही. एक दातांचा डॉक्टर झाला. तो माझ्या तोंडात आरसा घालून म्हणतो, "बाई, तुमच्यामुळेच हात बसला हो." तोंड उघडं असल्यामुळे मला काही बोलता येत नाही. आयुष्यात एकदा तरी कुणाकडे तरी बोट दाखवून म्हणायचं होतं, की हा मी शोधला.

मग शोध सुरू झाला, अर्थात फोनवर. मी एकदा "आजचे चित्रकार" असं टाइप केलं आणि पुढचे पंधरा दिवस तो फोन मला माणसं दाखवत सुटला. एक जण बादलीने कॅनव्हासवर रंग ओतत होता. एक जण दाढी रंगात बुडवून वाघ काढत होता. एक बाई तांदळाच्या दाण्यावर अख्खं लग्न काढत होती आणि खाली लोक नमस्काराचे हात जोडत होते. सगळं तीस सेकंदांत. आमच्या वर्गात नुसती पेन्सिल तासायला याहून जास्त वेळ लागायचा. मी वैतागून फोन डब्याखाली ठेवला आणि मुंबईला जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं ठरवलं.

फोर्टातली ती गॅलरी एवढी थंडगार होती की मी आधी पदर लपेटून घेतला आणि मग चित्रं बघितली. पहिल्या खोलीत सिमेंटच्या रिकाम्या गोण्या टांगलेल्या. बाजूला कागदावर दोन परिच्छेद. ते मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा मला फक्त "गोणी" एवढंच कळलं. दुसऱ्या खोलीत एका माणसाने वर्षभर रोज एकच दगड पेन्सिलीने काढला होता. तीनशे पासष्ट दगड. त्याचं मला कौतुक वाटलं आणि त्याच्या बायकोची काळजी वाटली.

तिसऱ्या खोलीत मात्र पाय थांबले. एका तरुण मुलीने आईच्या जुन्या साड्यांवर काळ्या दोऱ्याने तिच्या खिडकीतून दिसणाऱ्या वायरी शिवल्या होत्या. विजेच्या, केबलच्या, एकात एक गुंतलेल्या, मधेच तुटून लोंबणाऱ्या. एका वायरीवर एकच कावळा, तोही फक्त सहा टाक्यांचा. मी तिथे अर्धा तास उभी होते. काम फार चांगलं होतं आणि मला त्याचाच राग आला. कारण वर्गात एखाद्या पोराने आकाशात वायरी काढल्या की मी खोडरबर घेऊन धावायचे. "वायरी काढायच्या नाहीत. चित्र घाण होतं." तीस वर्षं मी पनवेलचं आकाश पुसून साफ करत होते.

माझा चेहरा बघून टेबलामागची मुलगी उठून आली. माझ्या लेकीच्या वयाची, ती तिथली क्युरेटर निघाली. थोडं बोलणं झालं. ती म्हणाली, "मॅडम, तुमच्या पनवेल साइडला कुणी आहे का? ऑगस्टमध्ये आम्ही एक शो करतोय, जे स्वतःला आर्टिस्ट म्हणत नाहीत अशांचा." मी म्हटलं, "माझे सगळे विद्यार्थी दातांचे डॉक्टर आहेत." ती हसली आणि तिने कार्ड दिलं. ते मी पर्समध्ये टाकलं ते तिथेच राहणार, अशी माझी खात्री होती.

येताना मी लाँचने यायचं ठरवलं. डोक्यात गोण्या, दगड आणि वायरी यांचा नुसता गोंधळ झाला होता, जरा वारा हवा होता. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला उतरले तेव्हा भर दुपार होती, मे संपत आलेला, ओहोटी लागलेली आणि उरणला जायला एक रिक्षा असेल तर शपथ. पावसाळ्यासाठी होड्या वर ओढून ठेवलेल्या होत्या. त्यांतल्या एका मोठ्या होडीच्या सावलीत मी टेकले. बाजूला शिडी लावलेली होती आणि वरून खरड खरड असा आवाज येत होता. त्या आवाजाने डोकं उठलं म्हणून मी वर चढून बघितलं. साठीच्या बाईने साडी सावरत अशा शिड्या चढू नयेत, पण तो दिवसच तसला होता.

केबिनच्या आत, सुकाणूच्या वर, एक हातभर रुंद फळी होती. तिच्यावर निळं पाणी आणि पाण्यावरून चार माणसं एक फ्रीज खांद्यावर घेऊन चाललेली. फ्रीजचं दार उघडं आणि आत एक म्हातारी मांडी घालून बसलेली, अगदी निवांत, पान खात. मागे एक नवी नवरी कमरेएवढ्या पाण्यात उभी, तिच्या हातात फ्रीजची वायर. बोटीचे तेलरंग, तेही पाचच. निळा, पांढरा, पिवळा, काळा आणि तळाला मारतात तो तांबडा. माणसांच्या अंगावर एक रेघ जास्त नव्हती. फळीच्या कडेला एक टवका उडाला होता, तिथे खाली हिरवा, त्याखाली पिवळा, त्याखाली आणखी एक निळा, असे थर दिसत होते.

तीन खोल्या भटकून जे झालं नव्हतं ते मला त्या फळीसमोर झालं. मी वाकून नाक टेकेपर्यंत फळीच्या जवळ गेले. तेवढ्यात बाहेरून तो खरवडण्याचा आवाज पुन्हा आला. केबिनच्या बाहेर पंचावन्न-साठीचा एक माणूस, एक पाय लांब पसरून, कठड्याचा जुना रंग लोखंडी पट्टीने काढत बसला होता.

"हे कुणी काढलं?" मी विचारलं.

"मीच," त्याने वर न बघता सांगितलं.

"कुठे बघून काढलंत?"

"बघून कशाला? नाखव्याच्या घरात फ्रीज आला, पोराचा लगीन झाला आनि म्हातारी गेली. एका सालात."

मग तुकड्यातुकड्याने मला कळलं ते असं. तो पूर्वी खलाशी होता. पाय जायबंदी झाल्यापासून होड्या रंगवतो, त्याचा बापही रंगवायचा. मोसम सुरू होण्याआधी तो होडीवाल्याच्या, म्हणजे नाखव्याच्या, घरी जाऊन बसतो, चहा पितो आणि विचारतो, यंदा घरात काय झालं. जे सांगतील ते आतल्या फळीवर काढतो. ही काही कोळ्यांची रीत नव्हे. ही त्याच्या बापाची रीत, आणि त्या किनाऱ्यावरच्या पाच-सहा घरांना तिची सवय झालेली. "नाखवा म्हैनाम्हैना दर्यात असतो. घरातला थोडा संगती असावा ना," तो म्हणाला.

मी फोटो काढले. घाईत त्यांतले निम्मे हलले. मग मी सहज विचारलं की ही फळी किती वर्षांची.

"फली जुनी हाय. चित्र गेल्या सालचा. नारली पुनवेच्या आदी खरवडनार."

"खरवडणार म्हणजे?"

त्याने हातातली पट्टी दाखवली. "ही मारायची. नवीन साल, नवीन चित्र."

मी त्याला वर्गातल्या आवाजात सांगितलं की असं करायचं नाही. तो हसला. जुनं घेऊन दर्यात कशाला जायचं, म्हणाला. गेल्या वीस वर्षांत त्याने अशी शंभरावर चित्रं केली होती आणि त्यांतलं एकही शिल्लक नव्हतं. फोटोसुद्धा नाही. मी शिडीवरून उतरले ती रागाने धुमसतच. माणसाने आळशी असावं, अडाणी असावं, सगळं मान्य. पण इतकं निवांत नसावं.

पर्समधलं कार्ड त्याच संध्याकाळी बाहेर निघालं. क्युरेटर फोटो बघून वेडी झाली. पण म्हणाली, "मॅडम, फोटो नको. ओरिजिनल पाहिजे. फळी मिळेल का?" म्हणजे आता माझ्याकडे दोन महिने होते. नारळी पौर्णिमेच्या आधी ती फळी होडीतून काढून मुंबईला न्यायची होती.

जून आणि जुलै मी मोऱ्याला सहा फेऱ्या मारल्या. पनवेलहून उरण, उरणहून रिक्षा, मग चिखल. रंगाऱ्याला विचारलं तर तो म्हणे, "फली नाखव्याची. त्याला इचारा." नाखव्याला विचारलं तर तो म्हणे, "बायको काय बोलते बघतो." बायको देवळात गेलेली. पुढच्या खेपेला बायको होती, तर नाखवा उरणला गेलेला. एकदा दोघं एकत्र सापडले, तर त्या दिवशी त्यांच्याकडे पाहुणे आलेले आणि अशा कामाचं बोलणं पाहुण्यांसमोर कसं करायचं. मला कळेना की मी एक फळी मागतेय की यांची मुलगी. शेवटी नाखव्याच्या बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मुंबईची मानसं आमच्या घरी येतील?" मी म्हटलं, येतील, क्युरेटर स्वतः येईल, बघेल आणि घेऊन जाईल. त्यावर ती एकदम खूश झाली. "मंग न्या. दुसरी फली लावू."

मी त्या रात्री लेकीला फोन करून सांगितलं की मी काहीतरी केलं.

जुलैच्या शेवटच्या रविवारी क्युरेटर आली. बरोबर एक फोटोग्राफर आणि फळी गुंडाळायला बबलवाला प्लास्टिकचा रोल. नाखव्याच्या दारात रांगोळी. आत सतरंजी, तांदळाच्या भाकऱ्या, चिंबोऱ्यांचं कालवण. नाखव्याच्या बायकोने ठेवणीतलं लुगडं नेसलेलं. फळी होडीतून आधीच काढून आणली होती आणि ओट्यावर कापडाखाली झाकून ठेवली होती. नाखव्याने स्वतःच्या हाताने कापड बाजूला केलं.

फळी चकाचक निळी होती. कोरी, ओल्या रंगाचा वास येणारी. मधोमध पिवळ्या अक्षरांत, खाली सावली देऊन, लिहिलं होतं, सुस्वागतम्.

मी फळी उलटी करून मागची बाजू बघितली. म्हातारी कुठे होती? फ्रीज कुठे होता? "मानसं मुंबईवरून येनार," नाखव्याची बायको कौतुकाने सांगत होती, "मलकी फली कशी दाखवाची? पुनवेची वाट नाय बगितली. काल दिसभर खरवडून घेतली." आणि रंगारी मागे उभा होता, जायबंदी पाय पुढे टाकून, केलेल्या कामावर खूश.

आपल्याकडे पाहुणा यायचा म्हटलं की भिंतीला चुना लागतो. हे मला कळायला हवं होतं. माझ्या आईने माझ्या सासरची माणसं बघायला येणार म्हणून मी भिंतीवर कोळशाने काढलेला मोर पुसून टाकला होता. मला सगळं कळायला हवं होतं आणि म्हणूनच माझं डोकं जास्त फिरलं. मी सगळ्यांसमोर त्या माणसाला बोलले. "तुम्हाला अक्कल आहे का? दोन महिने मी इथे चिखल तुडवतेय तो सुस्वागतम् बघायला?"  नाखव्याच्या बायकोचा चेहरा उतरला. क्युरेटरने सभ्यपणे सुस्वागतम्चा फोटो काढला, दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि गाडीत बसताना मला म्हणाली, "इट्स ओके मॅडम, असं होतं." प्लास्टिकचा रोल तसाच परत गेला.

ऑगस्टमध्ये मी कट्ट्यावर बोलले. दगडवाला आणि वायरवाली, दोघांवर मिळून पाऊण तास. शेवटी प्रश्नोत्तरं झाली. पहिला प्रश्न, वायरवाली लहान मुलांचे क्लास घेते का. दुसरा, चहा कधी आहे. मोऱ्याच्या माणसाबद्दल मी चकार शब्द काढला नाही. दाखवायला होतं काय माझ्याकडे? चार फोटो, त्यांतले दोन हललेले.

सप्टेंबरमध्ये एका सकाळी बेल वाजली. दारात तो. खांद्याला पिशवी, हातात सुक्या बोंबलांचं पुडकं. सोसायटीचं नाव त्याला ठाऊक नव्हतं, फक्त "चित्रकलेच्या बाई" एवढं विचारत तो तीन बिल्डिंगी फिरला होता. "तुमी रागावलात," तो म्हणाला, "म्हनून आलो." मी अजून रागावलेलीच होते, पण बोंबील घेऊन दारात उभ्या माणसाला बाहेर कसं ठेवणार. मी चहा टाकला.

तो स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहून ओट्याकडे बघत होता. ओट्यावर पाण्याच्या अकरा बाटल्या. आमच्याकडे पाणी सकाळी तासभर येतं. माझा नवरा रोज सकाळी अकरा बाटल्या भरून रांगेत लावायचा, दोन माणसांना अकरा कशाला म्हणून मी त्याच्याशी रोज भांडायचे. आता मीच भरत होते. अकराच.

"यंदा घरात काय झालं?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण कुणी तो प्रश्न तसा सरळ विचारलाच नव्हता. सगळ्यांना आधीच ठाऊक होतं, म्हणून सगळे "कशा आहात" विचारायचे. दिवाळी झाली आणि चार दिवसांनी नवरा गेला, सकाळी, बाटल्या भरून झाल्यावर. शेवटची बाटली झाकण न लावलेली राहिली होती. तो भरताना मान डावीकडे कलती ठेवायचा, पाण्याचा आवाज ऐकल्यासारखी. बोलता बोलता मी मान कलती करून दाखवली असणार. रंगाऱ्याने कपाटामागे बघितलं, माझा जुना ड्रॉइंग बोर्ड उपसून काढला आणि म्हणाला, "ही फली चालंल." पिशवीत त्याचे पाच डबे होतेच.

आता एक गोष्ट कबूल करते, नाहीतर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. मी नवऱ्याबद्दल सांगत होते, डोळ्यांत पाणी होतं, आणि त्याच वेळी मनात एक हिशोबी बाई म्हणत होती, हा बोर्ड तर उचलून नेता येतो. हा माझा आहे. याला कुणी पुनवेला खरवडणार नाही.

संध्याकाळपर्यंत चित्र झालं. तांबड्या ओट्यावर अकरा पांढऱ्या बाटल्या, त्यांच्यामागे पाठमोरा माणूस, मान डावीकडे. नळाचं पाणी बाटलीत न जाता खाली वाहून दाराबाहेर, जिन्याने, खाडीकडे. अकराव्या बाटलीला झाकण नव्हतं. माझ्या नवऱ्याचा तीस वर्षांत एकही चांगला फोटो निघाला नव्हता. हा निघाला.

क्युरेटरला मी दुसऱ्याच दिवशी कळवलं. शो पुढच्या ऑगस्टवर गेला होता. ती म्हणाली, "मॅडम, हा बोर्ड मध्यभागी लावू." वर्षभर मी तो हॉलमध्ये उन्हापासून जपून ठेवला. रोज सकाळी त्याच्यासमोर चहा प्यायले. मनात ठरवलं, शो झाला की कट्ट्याच्या मंडळींना सांगायचं, हा मी शोधला.

यंदा नारळी पौर्णिमेच्या आधीच्या आठवड्यात, मंगळवारी, त्याचा फोन आला. "बाई, उद्या येतो. खरवडायला."

मी त्याला फोनवरच झापलं. गुरुवारी गॅलरीची गाडी येणार होती. तो आला तरी मी दारातच सुनावलं, की हे होडीतलं नाही, माझ्या घरातलं आहे आणि हे मुंबईला चाललंय, शेकडो लोक बघतील, तुमचं नाव होईल. तो चपला काढून आत आला, सोफ्यावर न बसता खाली बसला, चहा प्यायला. पट्टी त्याने बाहेर काढून शेजारी ठेवली होती.

"फली तुमची हाय," तो म्हणाला. "तुमी ठरवा. नेऊ दे त्यांना. पन मंग मी यंदाचा काय काढू? जागा नाय."

"दुसऱ्या बोर्डावर काढा. मी आणून देते."

"दुसरा कशाला? घर तर ह्योच हाय ना."

मी चिडले, उठले, स्वयंपाकघरात गेले, परत आले. हा माणूस वाद घालत नाही ही त्याची सगळ्यात वाईट खोड आहे. वाद घातला असता तर मी जिंकले असते. बोर्डावरच्या माणसाकडे बघितलं. वर्षभर मी त्याला रोज तीच अकरावी बाटली भरायला लावत होते आणि झाकण लावू देत नव्हते. मी रंगाऱ्याला म्हटलं, "सगळं जाईल हो."

त्याने बोर्ड उलटासुलटा करून बघितला. त्याला तीस वर्षांच्या टाचण्यांची भोकं आहेत, चारी कोपऱ्यांत शेकडो. त्याने एका भोकावरून अंगठा फिरवला. "या भोकातला कसा निघंल? सगला कदी निघत नाय, बाई. माझ्या बापानं काढलेला पन अजून हाय फल्यांच्या तलाला."

त्याच्या शेजारची पट्टी मी उचलली. दुसऱ्या कुणी ते करणं मला चाललं नसतं. आधी पाणी गेलं, मग ओटा, मग एकेक करून बाटल्या. रंग सुकला होता, तो जोर लावल्याशिवाय निघेना आणि माझा खांदा भरून आला. मानेपाशी मी थांबले. त्याने घाई केली नाही. मग मी तेही काढलं. बोर्ड उजेडात धरला तेव्हा लाकूड दिसत होतं आणि भोकाभोकांत निळे ठिपके बसलेले होते. क्युरेटरला काय सांगायचं ते मी दुपारवर ढकललं.

त्याने डब्यांची झाकणं उघडली आणि मांडी बदलून बसला.

"यंदा घरात काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. "खरंच काही नाही. चिखल तुडवला तो गेल्या वर्षी. यंदा नुसती तुमची वाट बघितली आणि तुमच्यावर चिडले."

तो ब्रश हातात धरून थांबला. माझी नजर ओट्याकडे गेली. केव्हापासून ते मला आठवेना, कुठल्या महिन्यात ते सांगता येईना, पण तिथे बाटल्या चारच होत्या. आणि चारही बाटल्यांना झाकणं होती.

मी त्याला ते सांगितलं. त्याने आधी निळा घेतला.